चंदेरी मिग आणि पाठीवरची रेघ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला नीट कळला की नाही ते तुम्हालाही समजेल. वडील ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, मिग या लढाऊ विमानाच्या कामावर होते. दिवाळीनंतर त्यांची पंचाहत्तरी आहे आणि त्यांना मिग-२१ एफएलचं १/७२ मापाचं, चंदेरी रंगाचं मॉडेल द्यायचं आहे. एक किट तुम्ही करून पाहिलं आणि ते फसलं. पाठीवर नाकापासून शेपटीपर्यंत जोडाची रेघ दिसते, ब्रशने दिलेल्या चंदेरी रंगात पट्टे उमटलेत, कॉकपिटची काच आतून धुरकट झालीय, डिकलभोवती, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांभोवती, चकचकीत कडा दिसतात आणि विमान टेबलावर ठेवलं की शेपटीवर बसतं. दुसरं किट आणून ठेवलंय, आता काय वेगळं करू, असं विचारलंय.

पहिल्या किटला हात लावू नका. रंग उतरवून पुन्हा करायचा मोह होईल, पण चिकटवलेली काच आणि बुजलेल्या रेषा काही परत येत नाहीत. ते मॉडेल प्रयोगांसाठी ठेवा. प्रत्येक नवा रंग, नवं थिनर आधी त्याच्या पोटावर मारून बघायचं. माझ्याकडे असं एक हंटर विमान आहे. त्याचा मूळ रंग कोणता होता हे आता मलाही सांगता येणार नाही, पण त्याने निदान दहा मॉडेलं वाचवली आहेत.

आता मूळ दुखणं. कल्हईवाला आठवतोय का? कथील लावायला त्याला काही सेकंद लागायचे. सगळा वेळ जायचा तो भांडं तापवून, नवसागर टाकून, आतून घासून काढण्यात. घासणी कच्ची राहिली की कल्हई तिथे धरायचीच नाही. चंदेरी रंगाचं तसंच आहे. हिरवा-तपकिरी लष्करी रंग खालचं बरंच सांभाळून घेतो. चंदेरी काहीच झाकत नाही, उलट नखाएवढा ओरखडासुद्धा उजेडात आणून ठेवतो. म्हणून पहिलंच मॉडेल चंदेरी करू नका असं मी एरवी सांगतो. पण तुमचं कारण असं आहे की ते सांगण्यात अर्थ नाही.

मिगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. खऱ्या विमानाचं धड पुढचं आणि मागचं अशा दोन भागांत सुटतं, कारण इंजिन बदलायचं तर मागचा भाग शेपटीसकट काढावा लागतो. म्हणजे खरा जोड बांगडीसारखा धडाभोवती फिरतो. किटचं धड मात्र डाव्या-उजव्या दोन फाकांत येतं आणि त्याचा जोड लांबीने, पाठीवरून आणि पोटावरून जातो, जिथे खऱ्या विमानात काहीच नसतं. आपल्यासारख्याला ती रेघ ‘थोडी दिसते’. ज्यांनी ते विमान हाताने जोडलंय त्यांना ती पहिल्या सेकंदाला दिसणार. तेव्हा तुमचा निम्मा वेळ या एका रेघेवर गेला तरी चालेल.

भाग कापण्याआधी सगळ्या फ्रेम, म्हणजे भाग ज्यांना जोडून येतात त्या चौकटी, भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवून वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलाचा अंश त्यावर असू शकतो. भाग पिळून तोडायचे नाहीत. कटरने थोडं देठ ठेवून कापा, मग ब्लेडने देठ छाटा आणि शेवटी वॉटर पेपर मारा.

धडाच्या दोन्ही फाका गोंद न लावता एकमेकींवर ठेवा आणि मास्किंग टेपच्या तुकड्यांनी बांधा. बोट फिरवून बघा, कुठे पायरी लागते का. लागली तर आत कॉकपिटचा टब किंवा धुराड्याची नळी अडत असते. ती आतून घासायची, बाहेरून दाबून बसवायची नाही. दाबून बसवलेला जोड पुढे कधीतरी उकलतोच. माझा एकदा उकलला तो रंग, डिकल, वार्निश सगळं झाल्यावर, कपाटात ठेवलेला असताना, मे महिन्यात.

चिकटवायला प्लास्टिकचा पातळ द्रवरूप गोंद घ्या, ब्रश असलेल्या बाटलीतला. तामियाचा हिरव्या झाकणाचा आपल्याकडे मिळतो. हा गोंद चिकट नसतो. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत वितळून एक होतात. टेपने बांधलेल्या जोडावर ब्रश नुसता टेकवा, द्रव फटीत आपोआप ओढला जातो. एका वेळी दोन-तीन सेंटीमीटरच. अर्धा मिनिट थांबा आणि मग दोन्ही बाजूंनी हलकं दाबा. वितळलेल्या प्लास्टिकची बारीक सुतळी जोडातून वर यायला हवी. हीच सुतळी तुमची पुट्टी. तिला पुसू नका, बोट तर अजिबात लावू नका, नाहीतर ठसा कायमचा.

आणि आता थांबा. एक दिवस कमीत कमी, दोन झाले तर उत्तम. प्लास्टिक आतून मऊ असताना घासलं तर त्या क्षणी सपाट दिसतं, पण नंतर आत राहिलेला द्रव उडून जातो आणि जोड खाली बसतो. लोक म्हणतात, ‘घासलं होतं हो नीट, रंग दिल्यावर रेघ परत आली.’ ती परत आलेली नसते, घाईने घासल्यामुळे नंतर खचलेली असते. तुमच्या वर्णनावरून तुमचंही हेच झालंय असं मला वाटतं.

घासताना आधी ब्लेड उभं धरून सुतळी खरवडा. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, मग ६००, ८००, १०००, १५०० आणि चंदेरीसाठी २००० पर्यंत जा. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. कागद बोटावर गुंडाळू नका. बोट मऊ असतं आणि गोल धडावर सपाट चट्टा पाडतं. जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यावर कागद लावा, तो धडाच्या गोलाईबरोबर वाकतो. नाकाच्या हवा घेणाऱ्या गोल तोंडाच्या आत पेन्सिलीवर गुंडाळलेला कागद फिरवा. तिथला जोड बरेच जण विसरतात आणि समोरून बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

मग त्या पट्ट्यावर थोडा चंदेरी रंग मारा. संपूर्ण विमानावर नाही, फक्त जोडावर. ट्यूबलाइटखाली तिरपं धरून बघा. जे दिसेल ते पुन्हा भरा, पुन्हा घासा. पाठीच्या जोडाला मला सरासरी तीन फेऱ्या लागतात, तुम्हाला चार लागल्या तर नवल नाही. घासताना आडव्या पॅनेलच्या बारीक रेषा पाठीवर बुजतील. जाड चिकटपट्टीची कड पट्टीसारखी लावून शिवणाच्या सुईने त्या हलक्या हाताने पुन्हा कोरा. सुई पाच-सहा वेळा अलगद ओढायची, एकदाच जोरात नाही.

जोडायच्या आधी मात्र दोन कामं आठवणीने उरका. पहिलं म्हणजे नाकातला शंकू. तो रंगवून, बसवूनच फाका बंद करायच्या.

दुसरं, वजन. मिगचं पुढचं चाक नाकाखाली आहे आणि प्लास्टिकच्या धडाचा भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो, म्हणून ते शेपटीवर बसतं. वजन जितकं पुढे तितकं कमी लागतं, तेव्हा शंकूच्या आत आणि कॉकपिटच्या पुढच्या भिंतीमागे भरा. फाका, पंख आणि शेपटी टेपने तात्पुरती बांधा, मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला आणि नाक खाली जाईपर्यंत भर घालत राहा. नाक जेमतेम झुकलं की आणखी थोडं टाका, कारण रंग आणि मागचे बारीक भाग नंतर चढणार आहेत. सायकलच्या दुकानातले छर्रे उत्तम. गळाला लावायचं शिसं वापरायचं असेल तर ते फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने लावू नका. बंद जागेत त्या गोंदाच्या आम्लामुळे शिसं हळूहळू गंजतं, फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांनी धड आतून उकलतं. इपॉक्सी वापरा, आणि शिसं हाताळल्यावर हात धुवा.

पांढरा गोंद हवा तो काचेला. तुमची काच धुरकट झाली ती झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने. तो सुकताना त्याची वाफ जवळच्या पृष्ठभागावर, विशेषतः दमट बंद जागेत, पांढरी बसते. काच लावल्यावर कॉकपिट म्हणजे बंद डबीच. फेविकॉलचा पातळ ओघळ टूथपिकने कडेला लावा. सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापसाने निघतो. हाताळताना पडलेले बारीक ओरखडे पांढऱ्या टूथपेस्टने मऊ कापडावर घासले तर जातात. काचेच्या चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग मारा आणि त्यावर चंदेरी. आतून बघितलं की चौकट आतल्या रंगाची दिसते.

काच उघडी दाखवायची असेल तर एक लक्षात ठेवा. एफएलचं छत समोरच्या काचेसकट पुढच्या बाजूला उलटतं. नंतरच्या मिगची समोरची काच जागेवरच राहते आणि छत उजवीकडे उघडतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला तेव्हाचे ढीगभर फोटो तुम्हाला सापडतील, पण ती विमानं बायसन, म्हणजे मिग-२१ ची नंतरची सुधारित आवृत्ती, आहेत. त्यांची पाठ जाड आणि छत वेगळं. एफएल त्याआधीच, डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंड्याहून निवृत्त झालं. त्याचेच फोटो शोधा आणि त्यातला एकच फोटो समोर ठेवून काम करा. एफएलला स्वतःची तोफ नव्हती. १९७१ च्या युद्धाआधी पोटाखाली जीपी-९ नावाचा तोफेचा डबा बसवला गेला. तो लावायचा की नाही हे तुम्ही निवडलेला फोटो ठरवेल. कॉकपिटच्या आतला रंगही त्याच्याशी ताडून घ्या. मिगमध्ये तो जुन्या विमानांत राखाडी आणि पुढच्यांत हिरवट-निळा असा बदलत गेला.

आता रंग. तुम्ही आत्ता, श्रावणात लिहिताय. हे तुमच्या पथ्यावर पडलंय. जोडकाम आणि घासणं आता करा, रंगाला दसऱ्यापर्यंत हात लावू नका. स्प्रेच्या लॅकर रंगातला द्रव भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. रंग दुधी होतो. चंदेरी दुधी झाला की राखेसारखा दिसतो. ऑक्टोबरचं कोरडं ऊन या कामाला वर्षातलं सगळ्यात चांगलं. फक्त फटाक्यांची धूळ सुरू व्हायच्या आत संपवा.

ब्रशने चंदेरी देऊ नका. या रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात आणि ब्रश फिरेल त्या दिशेने त्या आडव्या होतात, म्हणून पट्टे दिसतात. हात कितीही चांगला असला तरी भौतिकशास्त्राशी भांडता येत नाही. तुमच्याकडे एअरब्रश नाही आणि एका मॉडेलसाठी कॉम्प्रेसर घ्या असं मी म्हणणार नाही. तामियाचा एएस-१२ हा स्प्रे कॅन मागवा. स्प्रे कॅन कुरिअरवाले सहसा विमानाने नेत नाहीत, म्हणून आजच मागवा.

त्याखाली प्रायमर हवाच. राखाडी प्रायमरचा पातळ थर द्या, दुसऱ्या दिवशी २००० च्या ओल्या कागदाने अलगद फिरवा आणि तिथून पुढे मॉडेलला उघड्या बोटांनी शिवू नका. बोटाचं तेल चंदेरीखाली हमखास दिसतं. धुराड्याच्या भोकात काडी खोचून ती धरायची. चंदेरीचा कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा करा म्हणजे फवारा बारीक येतो. पाणी कोमटच हवं, गरम नको, आणि स्वयंपाकघरात गॅसजवळ तर नाहीच. गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी, तोंडावर वाफेसाठीचा मास्क लावून, वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून मारा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. पहिल्या थरात खालचा राखाडी दिसला पाहिजे. पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एका दमात झाकायला गेलात तर कडेला ओघळ येईल आणि चकत्या तळाशी बसतील.

पुढे टेप लावायची असेल तर दोन दिवस थांबा, आणि टेप आधी मनगटावर चिकटवून तिचा जोर कमी करा.

एवढ्यावर थांबलात तर विमान खेळण्यासारखं एकसारखं दिसेल. खऱ्या विमानाचे पत्रे एका रंगाचे नसतात आणि आरशासारखे तर मुळीच नसतात. धावपट्टीवर उन्हापावसात उभं राहिलेलं विमान किंचित मळकट चंदेरी असतं, धुराड्याभोवती भाजकं. इथे माझी आवडती युक्ती वापरा, तिला खर्च शून्य. ६बी पेन्सिल वॉटर पेपरवर घासून काळी पूड करा आणि दोन-चार पत्र्यांना टेपची चौकट करून ती पूड कापसाच्या बोळ्याने अलगद चोळा. धातूची वेगळी, गडद तकाकी येते. कुठले पत्रे, हे वडिलांनाच गप्पांमध्ये विचारून घ्या. काहीही सुगावा न लागू देता जमलं तर. त्या काळी सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी होती. त्यामुळे पत्र्याच्या बाबतीत त्यांचा शब्द मी कुठल्याही पुस्तकापेक्षा वर ठेवीन.

डिकलभोवतीची चकचकीत कड म्हणजे पापुद्र्याखाली अडकलेली हवा. खडबडीत, मॅट रंगावर ती अडकते. पेन्सिलीच्या पुडीवर आणि डिकल बसणार त्या जागेवर चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निशचा एक पातळ थर आधी द्या, जागा गुळगुळीत होते. पारदर्शक कड कात्रीने शक्य तितकी छाटा, कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवा आणि कागदावरून सरकवत जागी आणा. मग वरून मायक्रो सॉल, म्हणजे डिकल मऊ करणारा द्रव. डिकल सुरकुतेल, भयंकर दिसेल, पण हात लावू नका. सुकताना तो स्वतःच पत्र्याच्या रेषांत बसतो. आपल्या हवाई दलाच्या चक्राचा केशरी बाहेर आणि हिरवा मध्ये असतो. केशरीखाली पांढरा छापलेला नसेल तर चंदेरीवर तो मळकट दिसतो. जुन्या मॉडेलवर एक जादा चक्र लावून आधीच बघून घ्या.

पॅनेलच्या रेषांत काळा रंग भरू नका, चंदेरीवर तो जाळीसारखा दिसतो. पातळ तपकिरी-राखाडी एनॅमल भरा आणि तासाभराने पुसा. खाली अ‍ॅक्रिलिक वार्निश आहे म्हणून एनॅमलचं थिनर चंदेरीपर्यंत पोचत नाही. चाकं, दारं, क्षेपणास्त्रं यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. फ्रेमवर असतानाच रंगवा आणि जिथे चिकटणार तिथला रंग खरवडून मग लावा.

राहिली नाकावरची पिटो नळी, म्हणजे विमानाचा वेग मोजण्यासाठीची नळी. एफएलमध्ये ती हवेच्या तोंडाच्या वरच्या बाजूला असते, समोर लांब आलेली. पंखांचा सगळा विस्तार या मापात जेमतेम १० सेंटीमीटर, त्यापुढे ही प्लास्टिकची काडी, ती मोडणारच. माझ्या हातून आजवर एकही शाबूत राहिलेली नाही. ती कापून टाका, जागी बारीक भोक पाडा आणि इंजेक्शनची टोक घासून बोथट केलेली सुई तिथे बसेल अशी करून ठेवा, पण लावू नका. नाशिकपर्यंत ती वेगळ्या डबीत, कापसात न्या. मॉडेल वडिलांसमोर ठेवल्यावर फेविकॉलचा एक थेंब लावून तिथेच बसवा, आणि त्यांचा हात स्थिर असेल तर त्यांनाच बसवू द्या.